पोटखराब

सातबारा आता मोबाइलवर निघतो. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट नंबर टाकायचा, की उतारा समोर येतो. त्यात आधी लागवडयोग्य क्षेत्र असतं. जिरायत किती, बागायत किती, ते लिहिलेलं असतं. त्याखाली एक ओळ येते : ‘पोटखराब क्षेत्र (लागवड अयोग्य)’. शहरात वाढलेल्या कुणालाही पहिल्यांदा ती वाचताना हसू येतं. जमिनीचं पोट कसं बिघडेल?

इथलं ‘पोट’ म्हणजे आतला भाग. पोटकलम, पोटभाडेकरू, पोटजात या शब्दांत असतं तेच. एका नंबराच्या आत असलेला, पण नांगर चालत नाही असा तुकडा म्हणजे पोटखराब. त्यात खडक असेल, ओढा असेल, रस्ता असेल, खळं असेल, एखाद्या ठिकाणी स्मशानही असेल. या सगळ्यांत सारखं काय आहे? एकच. तिथे पीक येत नाही. ओढ्याला पाणी असतं, खळ्यावर मळणी होते, खडकाच्या फटीत घोरपड राहते, पण उताऱ्यापुरतं या सगळ्यांचं नाव एक : खराब.

हा शब्द कुणी दुष्टपणाने घडवलेला नाही. उलट शेतकऱ्याला सूट मिळावी म्हणून तो कागदावर आला. पण सवलतीसाठी दिलेलं नाव पुढे त्या जमिनीचा स्वभावच मानलं गेलं, आणि त्याच समजुतीने महाराष्ट्रातले माळ बघता बघता नाहीसे झाले. ही गोष्ट त्याची आहे. ती सुरू होते पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात.

इंदापूर, १८३५

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि दख्खन ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली. कंपनीचा मुख्य आधार जमीन महसूल. तो ठरवायचा तर कुणाची जमीन किती आणि ती काय पिकवते हे कळायला हवं. आर. के. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२०च्या दशकाच्या शेवटी पहिली मोठी मोजणी केली. खर्च वजा जाता शेतात निव्वळ किती उरतं याचा हिशोब मांडून त्यावर सारा बसवायचा, अशी त्याची पद्धत होती. कागदावर ती नीटनेटकी होती. प्रत्यक्षात आकडे चुकले, लाचखोरी झाली आणि सारा जड झाला. कितीतरी रयत जमिनी टाकून निघून गेली. इंदापूर तालुक्याची अवस्था विशेष वाईट होती.

तिथेच १८३५ साली एच. ई. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी नव्याने काम सुरू केलं. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला आणि मातीकडे पाहिलं. जमिनीचे नंबर पाडले, दगड रोवून हद्दी घातल्या आणि प्रत्येक नंबराची प्रतबंदी केली. मातीचा रंग आणि पोत पाहून तीन प्रकार केले : एकसारखी बारीक काळी, त्याहून भरड व बहुधा तांबूस, आणि मुरमाड, सुटी, फिकट. मग खोली मोजली. चुनखडी, वाळू, उतार, पाणी न मुरणं असे सात दोष ठरवून प्रत्येकाला खूण दिली. या सगळ्यातून जमिनीच्या नऊ प्रती निघाल्या. सर्वांत वरची सोळा आणे, बाकीच्या तिच्या खाली. सारा हलका केला आणि तीस वर्षांसाठी कायम केला. टाकलेल्या जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या. १८४७ साली या पद्धतीचा संयुक्त अहवाल तयार झाला आणि मुंबई इलाख्यातल्या मोजणीला तोच पाया झाला.

हे काम कच्चं नव्हतं. आजही शेतकरी ‘सर्व्हे नंबर’ म्हणतो तेव्हा त्या कामाचंच नाव घेतो. नंबरातला नापीक तुकडा वेगळा काढून त्यावर आकार न बसवणं, हीही त्यातली न्यायाची गोष्ट होती. खडकावर कशाला सारा घ्यायचा?

पण त्या नऊ प्रती एकाच प्रश्नाचं उत्तर देतात : ही जमीन किती सारा सोसेल? त्या प्रश्नापुरतं उत्तर चोख आहे. इथे श्रावणात कोणतं गवत उगवतं, मेंढरं कधी येतात, लांडग्याची वीण कुठे होते, औषधाला कोणती मुळी मिळते, हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ते लिहिलंही गेलं नाही. पुढे प्रश्न विसरला गेला, उत्तर तेवढं दप्तरात राहिलं.

काळी, पांढरी आणि उरलेलं

सगळा दोष इंग्रजांच्या पदरात टाकणं सोपं आहे, पण तसं झालेलं नाही. न नांगरलेल्या जमिनीला मराठी दप्तरातही ‘पड’ म्हणत. पड जमीन लागवडीस आणावी म्हणून पेशवाईत इस्ताव्याचा कौल देत. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दरवर्षी थोडा थोडा वाढत पूर्ण दरावर जायचा. राज्य मराठ्यांचं असो की कंपनीचं, महसूल नांगराच्या मागे चालायचा.

गावाच्या बोलण्यातही जमिनीचे दोन मोठे भाग होते : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतीची, पांढरी म्हणजे वस्तीची. माळ ना काळीत बसे ना पांढरीत. तरी त्याच्यासाठी शब्दांची कमतरता नव्हती. चरायला मोकळं ते गायरान. गवत राखलेलं ते कुरण. मुरमाड, पाणी न धरणारी ती बरड. खारवट, चिकट ती चोपण. गवतालाही नावं होती : मारवेल, शेडा, कुसळी, हराळी. कुसळी कोवळी असताना जनावरं खातात, पण कुसळं पिकली की ती मेंढीच्या तोंडाला टोचतात. म्हणजे एकाच गवताकडे मेंढपाळ दोन महिन्यांत दोन नजरांनी पाहतो.

गवत ही तेव्हा किरकोळ वस्तू नव्हती. घोडदळ गवतावर चालायचं. शिवाजी महाराजांनी १६७३ साली चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेलं गवत आणि दाणा जपून वापरा, निष्काळजीपणाने गंजींना आग लागू देऊ नका, अशी काळजी त्यात आहे. पेशव्यांची कुरणं राखलेली असत. अर्थात ‘कुरण’ हा शब्द ऐकून हळवं व्हायचं कारण नाही. ते गवत कापून वाहण्याचं काम अनेकदा वेठीने करून घेतलं जाई. सरकारच्या दृष्टीने कुरण म्हणजे घोड्यांचा चारा. वेठीला धरलेल्या माणसाच्या मनात त्याच जागेचं नाव काय असेल, ते कुठल्याही दप्तरात नाही.

‘वेस्ट’ आणि जंगल

इंग्रजांनी ‘पड’ या शब्दाला आपला ‘वेस्ट’ हा शब्द जोडला. त्या शब्दालाही पूर्वेतिहास आहे. इंग्लंडमधल्या जुन्या जहागिऱ्यांत ‘वेस्ट’ म्हणजे जहागीरदाराच्या मालकीची पण गावकऱ्यांना चराईचा, सरपणाचा हक्क असलेली न नांगरलेली जमीन. ती निरुपयोगी नव्हतीच, कितीतरी गरीब घरं तिच्यावर जगत. पण १६८९च्या सुमारास जॉन लॉकने मालमत्तेविषयी लिहिताना वेगळाच अर्थ पक्का केला. माणसाच्या श्रमाने न सुधारलेली, निसर्गावर सोडून दिलेली जमीन ही वायाच गेलेली आहे, असं त्याचं म्हणणं. मालकीचा आणि हक्काचा शब्द अशा रीतीने निंदेचा झाला. तो भारतात आला तेव्हा दोन्ही अर्थ घेऊन आला : ही जमीन कुणाची नाही म्हणून सरकारची, आणि वाया जातेय म्हणून सुधारायची.

१८७८च्या वन कायद्यानंतर डोंगर, दऱ्या आणि बरीच चराऊ जमीन जंगलखात्याकडे गेली. महात्मा फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये यावर कडक टीका आहे. थोडी जमीन असलेला शेतकरी पूर्वी आसपासच्या रानातला पाला, फळं आणि गायरानावर चारलेल्या दोनचार जनावरांच्या आधाराने कसाबसा निभावत असे. जंगलखात्याने तो आधार काढून घेतला, असं फुले सांगतात. महसुलाच्या भाषेत जी जमीन काहीच देत नव्हती, ती या माणसाला वर्षातले कठीण महिने काढून देत होती.

जंगलखात्यालाही नाव द्यायचं होतं, पण त्याचा प्रश्न वेगळा होता : इथे झाडं किती? एच. जी. चॅम्पियन यांनी १९३६ साली भारतातल्या वनप्रकारांचं वर्गीकरण केलं. एस. के. सेठ यांच्यासह १९६८ साली सुधारलेलं ते वर्गीकरण वनखात्यात आजही वापरतात. त्यात माळरानांना बहुतेक ठिकाणी स्वतंत्र स्थान नाही. चराई, वणवा आणि तोड यांमुळे जंगल खालावून झालेली अवस्था, असं त्यांचं वर्णन येतं.

महसुलाच्या नावापेक्षा हे वर्णन जास्त खोल जातं. ‘पड’ म्हणताना फक्त आजची स्थिती सांगितली होती. ‘खालावलेलं जंगल’ म्हटलं की त्या जागेला भूतकाळ मिळतो : इथे पूर्वी दाट रान होतं. आरोपी मिळतो : मेंढपाळ. आणि भविष्यही ठरतं : झाडं लावा. दोन शब्दांत पूर्ण कथा. तिचा पुरावा मात्र कुणी मागितला नाही.

तो पुरावा अलीकडे तपासला गेला, आणि गंमत म्हणजे मराठी साहित्यातून. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तेराव्या शतकापासूनच्या पोथ्या, संतचरित्रं, दैवतकथा, लोकगीतं आणि ओव्या चाळल्या. त्यांतली झाडाझुडपांची नावं वेचली आणि ती कुठल्या प्रकारच्या प्रदेशात वाढतात ते पाहिलं. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निघालेली बरीचशी रानझाडं उघड्या, उन्हाच्या, गवताळ प्रदेशातली आहेत. हिवर हे त्यांतलंच एक. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचा माळ निदान साडेसातशे वर्षं तरी माळच आहे. तो जंगलाचं उरलेलं हाड नाही. शास्त्रीय वर्गीकरणातून जे निसटलं ते देवाची गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडी टिकलं, कारण त्याला झाडाचं नाव कुठल्या रकान्यात भरायचं नव्हतं.

हिमनदीसुद्धा ओसाड

१९८५ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन केलं. पुढे उपग्रहाच्या चित्रांवरून पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघू लागला. २०१९च्या आवृत्तीप्रमाणे देशातली सुमारे ५ कोटी ५८ लाख हेक्टर जमीन, म्हणजे एकूण क्षेत्राच्या जवळपास १७ टक्के, पडीक आहे. या संग्रहात २३ प्रकार आहेत. झुडपी जमीन आहे, वाळवंट आहे, उघडा खडक आहे. आणि बर्फाच्छादित व हिमनद्यांचा प्रदेशही आहे. गंगेला पाणी देणारा बर्फ पडीक जमिनीच्या यादीत! उपग्रहाची यात चूक नाही. त्याला विचारलेला प्रश्न अजूनही इंदापूरचाच आहे : इथे पीक येतं का?

एकदा ‘पडीक’ म्हटलं की तिथे काहीही केलं तरी ती सुधारणाच ठरते. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत अनुक्रमे २, ४, १३ आणि ३३ कोटी झाडं लावण्याची उद्दिष्टं होती. एवढ्या झाडांना जागा हवी. माळ मोकळाच दिसतो. गवताळ जमिनींवर गिरिपुष्पासारखी बाहेरून आलेली, भराभर वाढणारी झाडं लावण्याचे प्रयोग त्याआधीही झाले होते. खड्डा खणताना गवताची मुळं उपटली जातात. गवताळ प्रदेशात कार्बनचा मोठा साठा जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो, पण तो फोटोत दिसत नाही. रोप लावतानाचा फोटो मात्र चांगला येतो.

या सगळ्याची किंमत माळढोकाने मोजली. या पक्ष्याच्या नावातच माळ आहे. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये तो सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. चहूकडे लांबवर दिसत राहील अशी मोकळी जागा हे तिचं संरक्षण. आपल्याला जे रिकामं दिसतं, ते तिच्या दृष्टीने घर. राष्ट्रीय पक्षी निवडताना सलीम अली यांनी माळढोकाची बाजू घेतली होती, पण १९६३ साली मान मोराला मिळाला. इंग्रजी नाव छापताना एक अक्षर चुकलं तर शिवी होईल, या भीतीने माळढोक मागे पडला, असंही सांगतात. ती दंतकथा असेल. पण नावामुळे पक्षी हरला ही गोष्ट लोकांना पटते, यातही काहीतरी आलंच.

१९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं, लोक वैतागले आणि पुढे ते बरंच कमी करावं लागलं. आपली भाषाही इथे अडखळते. माळ वाचवायचा तर त्याला अभय-‘अरण्य’ म्हणावं लागतं आणि तो ‘वन’-विभागाकडे द्यावा लागतो. नान्नजला आज माळढोक दिसला तर ती बातमी होते. देशभरात आता दीडशेच्या आसपासच उरले असावेत.

दुसऱ्या बाजूने पाहताना

इथवर वाचून वाटेल की ‘पडीक’ शब्द वाईट आणि ‘माळ’, ‘गायरान’ हे शब्द चांगले. भूमिहीनाच्या बाजूने पाहिलं की हे चित्र उलटतं.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. हजारो माणसं तुरुंगात गेली. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्या भूमिहीनांना द्या, ही त्यांची मागणी होती. पिढ्यान् पिढ्या गावाची कामं करूनही ज्यांच्या नावावर काळीतला तुकडा नव्हता, त्यांना ‘पडीक’ या शब्दात एक फट सापडली. कुणाचीच नाही ना? मग आमची. मराठवाड्यात कितीतरी दलित कुटुंबांनी गायरानं कसली. त्यांच्या कसण्याला कागदावर नाव मिळालं ते ‘अतिक्रमण’. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय सरकारने घेतला, पण तोवर आणि त्यानंतरही या शब्दापायी माणसांनी मार खाल्ला आहे, पिकं उखडलेली पाहिली आहेत.

‘गायरान’ म्हणजे गाईंचं रान. मग ज्याच्याकडे गाय नाही त्याचं काय? हा शब्द सगळ्या गावाचा वाटतो, पण गावात सगळे नसायचे. माळ वाचवा म्हणणाऱ्याला हे ठाऊक हवं, नाहीतर पक्ष्यासाठी तोही तेच करेल जे महसूलखात्याने पिकासाठी केलं : एक रकाना आखायचा आणि बाकीच्यांना त्याबाहेर काढायचं.

आणि मेंढपाळ? दिवाळीनंतर धनगरांचे वाडे वाटेला लागतात. मेंढरं शेतात बसवली की लेंडीमुताचं खत मिळतं, त्याबदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. माळ, शेत आणि वाट ही या व्यवहारातली एकच साखळी आहे. सातबाऱ्यावर मात्र शेताला एक उतारा, माळाला दुसरा, आणि वाटेला पोटखराब. वर्षातले दोन महिने एखाद्या जागेवर असलेला हक्क लिहायला उताऱ्यात रकानाच नाही. लिहिला नाही म्हणून तो नाही असं धरलं जातं. एक दिवस तिथे कुंपण येतं, आणि वाडा आल्या पावली फिरतो.

नावांशिवाय आपलं चालणार नाही. मारवेल आणि कुसळी यांतला फरक माहीत असलेला माणस जास्त पाहतो, कमी नाही. हिवर हे नाव ओवीत टिकलं म्हणून माळाचं वय कळलं. अडचण तेव्हा होते जेव्हा नाव कुणाच्या, कुठल्या प्रश्नाचं उत्तर होतं हे आपण विसरतो. इंदापुरात जमीन मोजणाऱ्याला निदान ठाऊक होतं की तो सारा ठरवतोय. आज स्क्रीनवर ‘लागवड अयोग्य’ वाचणाऱ्याला वाटतं की ही जमीन कशालाच योग्य नाही.

त्याच इंदापूर तालुक्यात कडबनवाडी आहे. तिथल्या गवतात चिंकारा आहेत, लांडगे आहेत, आणि वनविभागाने आता तिथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. पर्यटक गाडीतून येतात, कॅमेरे सरसावतात. माळाकडे पाहायला माणसं पैसे देतात, हे १८३५ साली कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. आता माळाला नवं नाव मिळालंय आणि त्यामागे नवा प्रश्नही आहे : इथे प्राणी दिसतात का? या प्रश्नाच्या उत्तरात मेंढरं बसतील की ती ‘अडथळा’ या रकान्यात जातील, हे अजून ठरायचं आहे. ते ठरवताना मेंढपाळाला आणि गावातल्या भूमिहीनाला विचारायला हवं. इंदापूरच्या पहिल्या प्रतबंदीत त्यांना कुणी विचारलं नव्हतं.